तीनदा गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर

आमच्या आष्ट्याच्या घरात रोज दुपारी दोन-तीन तास कुणी कुणाशी बोलत नसे. भांडण असायचं म्हणून नव्हे. वहिनी ट्रान्सफॉर्मर गुंडाळत बसलेली असायची म्हणून. पुढं दादाचं दुकान, मागं दोन खोल्या आणि त्यांच्यामागं एक चिंचोळी पडवी. त्या पडवीत पाटावर बसून ती उजव्या हातानं यंत्राची मूठ फिरवायची आणि डाव्या हातानं तार सोडायची. यंत्र म्हणजे तरी काय, सुताराकडून करून घेतलेल्या चौकटीत बसवलेला एक लोखंडी दांडा आणि त्यावर पुठ्ठ्याचा फर्मा. तार केसासारखी बारीक. ती बोटाला कापू नये म्हणून वहिनी चिमटीत घोंगडीचा तुकडा धरायची. शंभर वेढे झाले की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. मधेच कुणी हाक मारली तर मान वर न करता ती नुसतं एक बोट वर करायची. त्या बोटाला आमच्या घरात पोलिसाच्या शिट्टीपेक्षा जास्त मान होता. तिची चार वर्षांची शकू रडत आली तरी ते बोट बघून भोकाड अर्ध्यावर आवरायची, आणि शंभर पुरे होऊन चिंचोका वाजला की मग राहिलेलं पूर्ण करायची.

गुंडाळी झाली की चुलीवर मेण आणि राळ वितळायची आणि त्यात ट्रान्सफॉर्मर बुडवून काढायचा. त्याच चुलीवर संध्याकाळी भाकरी. जोंधळ्याच्या भाकरीला, वरण्याच्या आमटीला, सगळ्याला तो राळेचा वास लागायचा. दादा पहिला घास तोंडात घालून म्हणायचा, “आज भाकरीला आवाज बरा यील.” वहिनी हसायची नाही, पण दुसरी भाकरी जरा मोठी थापायची. शेंगांची चटणी मात्र ती चुलीपासून लांब, कडीच्या डब्यात ठेवायची. आमच्या घरात राळेविना लागायचा असा तेवढा एकच पदार्थ होता, आणि मी सांगलीला शिकायला गेलो तेव्हा तोच ती बरोबर द्यायची.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आई लवकर गेली, वडील पलटणीत होते आणि पेन्शनीत आले ते थोड्याच दिवसांसाठी. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. माझा शेंबूड तिनंच पुसला. त्यामुळं तिनं मला कधी भावजी म्हटलं नाही. ‘सुभाष’, नाहीतर रागावली की ‘सुभ्या’. दादा ॲम्प्लिफायर बनवायचा, व्हॉल्व्हचे, वजनदार. जत्रेत, लग्नात, कारखान्याच्या सभेत झाडाला कर्णे बांधलेले असत, त्यांच्यामागं बऱ्याचदा आमच्या दुकानाची लोखंडी पेटी असे. शाळा सातवीपर्यंत, पण कान असा की विचारू नका. नवा ॲम्प्लिफायर झाला की तो भजनी मंडळाची हार्मोनियम मागून आणायचा, माईकपुढं ठेवायचा आणि खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत एकेक सूर दाबत जायचा. कुठल्या सुराला कर्णा घरघरतो, कुठला सूर दबतो, हे डोळे मिटून ऐकायचा. हीच त्याची तपासणी. आज मला कळतं की ती उत्तम तपासणी होती. त्या वेळी, पदविका हातात घेऊन सांगलीहून परत आलेल्या मला तिची लाज वाटायची. चार लोकांत भाऊ पेटी वाजवत बसलाय, आणि म्हणे इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान!

मी दादाच्या मागं लागलो की सिग्नल जनरेटर घ्यायचाच. जनरेटर म्हणजे एकच एक सूर देणारं यंत्र, पाहिजे तेवढा उंच, पाहिजे तेवढा मोठा, आणि घटकाभर न डगमगणारा. तो सूर ॲम्प्लिफायरच्या एका टोकाला द्यायचा आणि दुसऱ्या टोकाला तो कसा निघतो ते ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर लाट म्हणून बघायचं. दादा आधी म्हणाला, “आरं, मग पेटी आन् ह्येच्यात फरक काय?” पण वहिनी म्हणाली, “शिकलाय त्यो. घिऊ द्या की.” हे वाक्य मी अजून विसरलो नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

कॉलेजातले आमचे सर फार सरळ माणूस. त्यांनी आपला जुना ऑसिलोस्कोप महिनाभरासाठी द्यायचं कबूल केलं आणि खरेदीला निघालेल्या मला व्हरांड्यात उभं करून बजावलं. “रेडिओ जुळवायचा जनरेटर घेऊ नका, त्यात आवाजाची एकच शिट्टी असते. ॲम्प्लिफायरला खालच्या घुमण्यापासून वरच्या किणकिणीपर्यंत सगळं देणारा लागतो. दुसरं, त्याचा आवाज अगदी बारीक करता आला पाहिजे. माईक केवढासा सिग्नल देतो, ठाऊक आहे ना? आणि तिसरं, तबकडी बघून भुलू नका, लाट बघा. जनरेटर स्वतः शुद्ध नसेल तर तो दुसऱ्याला काय तपासणार? काम सुरू करण्याआधी तो सरळ स्कोपला जोडायचा. रोज. वाणीसुद्धा माल टाकण्याआधी रिकामी पारडी बघतो.” मी मान डोलवली. मान डोलवण्यात माझा हात धरणारा वर्गात कुणी नव्हता.

सांगलीच्या दुकानात दोन जनरेटर होते. एक लहान, राखी रंगाचा, बेताच्या तबकडीचा. नुसती साधी गोल लाट देणारा, पण आवाज पायरीपायरीनं खाली उतरवायला त्याला चांगली सोय होती. दुसरा एका बंद पडलेल्या कारखान्यातून आलेला, वापरलेला, पण काय रुबाब! ताटलीएवढी तबकडी, निकेलची बटणं, गोल लाटेबरोबर चौकोनी लाटही. दुकानदार म्हणाला, “लहान नवा आहे, निवांत चालेल. मोठ्याची खात्री मी देत नाही.” मी मोठा घेतला. आष्ट्याच्या बाजारपेठेत दुकानाच्या फळीवर तो कसा दिसेल एवढाच विचार मी केला होता. आवाज बारीक करता करता तो मधेच खरखरायचा, म्हणून मी त्याचं आवाजाचं बटण कायम शेवटाला, सगळ्यात मोठ्यावर ठेवायचं ठरवलं आणि कमीजास्त ॲम्प्लिफायरवर करायचं. ही सोय नव्हती, ही पळवाट होती. पण तिला मी पद्धत म्हणत होतो.

घरी आणल्यावर वहिनीनं त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा त्याच्या निकेलच्या बटणापुढं ठेवलेला अजून दिसतो. रिकामी पारडी मात्र मी बघितली नाही. घाई होती, कारण लोणंदचे नाना दुसऱ्याच दिवशी यायचे होते. नाना म्हणजे मंडप आणि कर्णे भाड्यानं देणारे बडे गिऱ्हाईक, त्यांनी चार ॲम्प्लिफायर सांगितले होते आणि पहिला तयार होता. त्यांच्यासमोरच तपासणी करायची असं मी दादाला सांगितलं. दादाला ते फारसं रुचलं नाही, पण धाकट्या भावाचं कौतुक त्याच्या तोंडावर दिसत होतंच.

नाना आले, खुर्चीत बसले, पान लावलं. मी तारा जोडल्या, कर्ण्याच्या जागी तेवढाच भार घेणारा, पण आवाज न करणारा मोठा रेझिस्टर लावला, आणि पडद्यावर हिरवी लाट उभी राहिली. खालची बाजू छान गोल. वरची बाजू चेपलेली, सपाट. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. यंत्रानं पहिल्याच दिवशी चूक पकडली! आम्ही बनवायचो त्या प्रकारच्या ॲम्प्लिफायरमध्ये शेवटच्या ट्रान्सफॉर्मरला तारेचे दोन सारखे भाग असतात; एक भाग लाटेची वरची बाजू ओढतो, दुसरा खालची. जोडीतला एक बैल कमी पडला की गाडी वाकडी जाते. मी पुस्तकातलं सगळं नानांना समजावलं आणि म्हणालो, “एका बाजूचे वेढे कमी पडलेत. गुंडाळी चुकलीय.”

वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं विचारलं, “किती कमी हायेत?”

मला कुठं ठाऊक होतं? पण मी थांबलो नाही. “शंभर तरी असतील. एखादा चिंचोका टाकायचा राहिला असेल तुझा.” असं म्हणून मी हसलो. नानाही हसले. म्हणाले, “घरात बायकांकडनं करून घेताय व्हय? मंग आसंच हुयाचं.” दादा म्हणाला, “आवाज तर चोख हाय की रं. कर्णा लाव, मी पेटी वाजवून दावतो.” त्यानं खरंच वाजवली. खालपासून वरपर्यंत सगळे सूर स्वच्छ निघाले. ज्याला कान आहेत त्यानं तिथंच थांबायला हवं होतं. मी म्हणालो, “दादा, कानाला कळत नाही ते यंत्राला कळतं.” नाना ॲम्प्लिफायर न घेता गेले आणि आठवड्यानं नीट करून द्या म्हणाले. चहा तसाच राहिला.

त्या संध्याकाळी वहिनीनं तो ट्रान्सफॉर्मर खोलला आणि मेणानं चिकटलेली तार एकेक वेढा उलगडत मोजली. मोठ्यानं मोजली, आम्हाला ऐकू जाईल असं. दोन्ही बाजू सारख्या भरल्या. मी म्हणालो, “उलगडताना तार दोनदा तुटली, ती मोजणी कशी धरायची?” दुसऱ्या दिवशी तिनं नव्या तारेनं पुन्हा गुंडाळला. या वेळी दादा समोर बसून चिंचोके टाकत होता. बसवला, लावला, आणि लाट तशीच चेपलेली. मग तिसऱ्यांदा. त्यासाठी तिनं दोन दिवस घेतले. सकाळी न जेवता बसली, चिंचोके तर टाकलेच, शिवाय दर शंभराला भिंतीवर कोळशानं रेघ ओढली. शकूला शेजारी पाठवून दिलं. त्या दोन दिवसांत आमच्या घरात भाकरी दादानं थापली, आणि ती खाताना कुणी काही विनोद केला नाही. तिसऱ्यांदाही तेच. वहिनी पडद्याकडं बघत उभी होती, पदर तोंडाशी धरून. आणि मी, तिनं वाढवलेला मी, म्हणालो, “वहिनी, काहींच्या हातात ते नसतंच.”

एवढं लिहून मी पेन खाली ठेवला होता. चार दिवस हात लावला नाही. अज्ञानातून बोललो असं म्हणायची सोय इथपर्यंत आहे. इथून पुढं नाही.

दादानं मिरजेहून तयार ट्रान्सफॉर्मर आणला. तो दुपारचा जेवायला आत गेला होता आणि दुकानात मी एकटाच होतो. नवा ट्रान्सफॉर्मर बसवला, तारा जोडल्या, आणि पडद्यावर लाट आली. खालून गोल. वरून चेपलेली. अगदी तीच. सरांचं बोलणं त्या क्षणी आठवलं. ॲम्प्लिफायर मधून काढला आणि जनरेटर सरळ स्कोपला जोडला. वरची बाजू सपाट! आवाजाचं बटण हळूहळू मागं आणलं, तर निम्म्यावर येताच लाट दोन्हीकडून अशी सुरेख गोल झाली, जणू कधी वाकडी नव्हतीच. म्हणजे माझं ताटलीएवढ्या तबकडीचं यंत्रच मोठ्या आवाजाला एका बाजूनं लंगडं होतं. गुंडाळी तिन्ही वेळा बरोबर होती.

आतून दादाच्या आचवण्याचा आवाज आला. मला हाक मारून एवढंच म्हणायचं होतं की दादा, चूक माझ्या यंत्राची होती. दुकानापासून पडवीपर्यंत दहा पावलंसुद्धा नव्हती. मी काय केलं? जनरेटरचं बटण निम्म्यावरच ठेवलं. ॲम्प्लिफायर परत जोडला, त्याचा आवाज तेवढा वाढवला, आणि पडद्यावर निर्दोष लाट उभी राहिल्यावर हाक मारली, “दादा, ये, बघ. तयार मालाची लाट कशी स्वच्छ येते.”

दादा हात पुसत आला. बराच वेळ बघत राहिला. मागं वहिनीही आली होती. तिनं पडद्याकडं एकदा बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, “व्हय, हे ग्वाल हाय.” एवढंच. संध्याकाळी तिनं आपलं गुंडाळीचं यंत्र पुसून पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं. पुढं ते एका मोटार गुंडाळणाऱ्यानं मागून नेलं, तेव्हा मी घरी नव्हतो. नाना चारही ॲम्प्लिफायर घेऊन गेले. त्या तयार ट्रान्सफॉर्मरपैकी दोन पहिल्याच जत्रेच्या हंगामात जळाले. वहिनीचा एकही कधी जळला नव्हता. हे दादाही जाणून होता, पण तो फक्त म्हणाला, “आता ह्येच वापरायचं म्हटलं की वापरायचं.”

घरात भांडण झालं नाही, हे अधिक वाईट झालं. दुपारी आता कुणीही बोलू शकत होतं, आणि बोलण्यासारखं काही नव्हतं. पंधरा दिवसांनी वहिनी मला जेवायला हाक मारताना म्हणाली, “भावजी, जेवाय चला. तुमचं ताट वाढलंया.” मला वाटलं थट्टा करतेय. ती थट्टा नव्हती. त्या दिवसापासून मी भावजी झालो, तुमी झालो. शेजारणी म्हणाल्या, शिकल्यासवरल्या दिराला मान देते बघा. तो मान मी घासागणिक गिळला. वर्षाच्या आत पुण्याला नोकरी बघून निघून गेलो, आणि सगळ्यांना सांगितलं की खेड्यात वाव नाही. जनरेटर जाताना विकला. घेणाऱ्याला मात्र त्याचा दोष प्रामाणिकपणे सांगितला. परक्याला सांगणं किती सोपं असतं!

नोकरीत जन्मभर माझं काम आवाजाची यंत्रं तपासायचं. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी तेच सांगायचो, आधी जनरेटरची लाट बघा. पोरं म्हणायची, साहेब फार काटेकोर आहेत. मी मान डोलवायचो.

माझ्या आठवणींतलं हे प्रकरण छापून आलं तर अनोळखी माणसं असं काही वाचतील जे वहिनीला ठाऊक नाही, हे लिहिताना ध्यानात आलं आणि मला धड झोप लागेना. म्हणून गेल्या महिन्यात आष्ट्याला गेलो. दादा जाऊन आठ वर्षं झाली. वहिनी आता ऐंशीच्या पुढं आहे, कान तल्लख आहेत. पडवीत बसून पावट्याच्या शेंगा सोलत होती. मी समोर बसलो, दोन शेंगा सोलल्या आणि सांगून टाकलं. ट्रान्सफॉर्मर बरोबर होते. तिन्ही वेळा. यंत्र माझं खोटं होतं, आणि मला ते कळलं होतं.

तिचे हात थांबले नाहीत. “कवा कळलं तुमाला?”

“तयार ट्रान्सफॉर्मर लावला त्याच दिवशी. तुम्ही आत जेवत होता तेव्हा. मी जनरेटरचं बटण मागं घेतलं आणि मग तुम्हाला हाक मारली.”

तिनं सोललेले दाणे मांडीवरच्या सुपात टाकले. मग म्हणाली, “पैल्यांदा मोजलं तवा मला ठावं व्हतं मी बरोबर हाय. दुसऱ्यांदा बी. तिसऱ्यांदा म्हटलं, शिकलेलं मानूस हाय, त्याचंच खरं आसंल.” पुढची शेंग उचलून, “शकूच्या पोराला डागदरनं पाच थेंबाचं औषद दिलं व्हतं. मी शेजारच्या पारूबायला हाक मारून तिच्याकडनं थेंब मोजून घ्याची. म्हटलं, आपलं मोजणं खरं न्हाई.”

मी तिचे पाय धरायला वाकलो. तिनं पाय मागं घेतले. रागानं नव्हे, सुपातले सोललेले दाणे सांडतील म्हणून. मी म्हणालो, “वहिनी, मला माफ कर.”

तिनं विचारलं, “तुमच्या दादास्नी सांगितलं व्हतं का ह्ये?”

“नाही.”

“कवाच न्हाई?”

“कधीच नाही.”

तिनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं. “दवाखान्यात शेवटी शेवटी लय बोलायचं त्ये. एक दिस म्हणालं, तुज्यासारखी गुंडाळी कुणाची न्हवती, त्ये लोणंदचं तेवढं तुजं चुकलं बग. मी म्हटलं, व्हय, चुकलं.”